स्टँडचा कागद

सेलूच्या जीप स्टँडवर नऊ जीपगाड्या होत्या आणि विमा एकीचाच होता. हे वाचून कोणाला हसू येत असेल, तर त्याने आधी आपल्या दारातल्या गाडीचे कागद काढून पाहावेत आणि मग हसावे.

विमा होता ओमप्रकाशच्या जीपचा. ओमप्रकाश भित्रा माणूस. दरवर्षी मार्च संपायच्या आत वर्ध्याला जाऊन विमा कार्यालयाच्या रांगेत उभा राहायचा आणि कागद खिशात घालूनच परतायचा. बाकीचे आठ जण त्याची टिंगल करायचे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडूनच तो कागद मागून न्यायचे. कागद जायचा स्टँडसमोरच्या पौर्णिमा थूलच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे त्याची प्रत निघायची. प्रतीवरचे ओमप्रकाशचे नाव आणि गाडीचा नंबर व्हाइटनर लावून पुसला जायचा, त्या जागी टाइपरायटरवर दुसरे नाव, दुसरा नंबर बसायचा, आणि मग त्या प्रतीची पुन्हा प्रत निघायची, म्हणजे पुसलेले दिसू नये. याला सगळे ‘स्टँडचा कागद’ म्हणत. खोटा कागद असे कोणी म्हणत नसे. नाव सोज्वळ ठेवले की पाप हलके होते, ही आपली जुनीच खोड आहे.

रस्त्यात हवालदाराने हात केला की हा कागद खिडकीतून बाहेर यायचा. हवालदार वरचा ठप्पा पाहायचा आणि कागद परत द्यायचा. त्यालाही वाचायचे नव्हते, दाखवणाऱ्यालाही वाचून घ्यायचे नव्हते. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मधे जीपच्या पाठीवर लोंबकळणारी चार माणसे मात्र उन्हात उभी असायची.

पौर्णिमा वाईट मुलगी नव्हती. बी.कॉम. झालेली, नोकरीसाठी चपला झिजवून थकलेली. वडील रामाजी एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्याच आधाराने तिने दुकान टाकले होते आणि ते नेटाने चालवत होती. शाळेचे दाखले, सातबारा, जातीचे प्रमाणपत्र, सेवाग्रामच्या दवाखान्याचे रिपोर्ट, सगळ्या तालुक्याचे कागद तिच्या काचेवर उताणे पडत. ‘आपण फक्त प्रत काढतो, कागदात काय आहे ते ज्याचे तो जाणे,’ असे तिने स्वतःला पटवून दिले होते. मनाला पटवायला वेळ लागत नाही हो! चार वर्षे तिने आठ जीपचे कागद केले आणि चारही वर्षे तिला शांत झोप लागली.

सन दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये निकेश आला. निकेश म्हणजे बाजारातल्या ताराचंद शेठचा मुलगा. धान्याचे मोठे दुकान, पण पोराचा जीव दुकानात रमेना, म्हणून शेठने त्याला जीप घेऊन दिली होती, स्टँडवरच्या नऊंखेरीज दहावी. त्याने ती अशी हाकली की वर्षभरात दोन अपघात झाले. एकदा सायकलवाल्याचा हात मोडला, एकदा बैलगाडीला मागून धडक दिली. दोन्ही वेळा शेठने ‘आपसात मिटवून’ टाकले. आपसात मिटवणे म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याचे मोडले त्याला लुगडे, धान्याचे पोते, आणि वर चार शहाण्यांचा उपदेश.

पण विमा कार्यालय लुगड्याने मिटत नाही. तिथल्या साहेबांनी निकेशला सांगितले की दोन अपघात झालेल्या गाडीचा विमा असा उभ्या उभ्या होणार नाही. गाडी तपासायला आणा, लायसन दाखवा, आधीच्या अपघातांचे कागद लावा, हप्ताही जास्त बसेल. ज्याच्यापासून लोकांना धोका जास्त, त्याच्याकडून पुरावाही जास्त मागायचा, यात अन्याय तो कोणता? पण निकेशला तो अपमान वाटला. तो तडक सेलूला आला आणि पौर्णिमाच्या टाइपरायटरशेजारी उभा राहिला.

“ताई, माहाही स्टँडचा कागद करून द्या,” तो म्हणाला. “कागद पोलिसाले दाखवाले पायजे, बाकी काय? जीप तं डिझेलवर चालते.”

पौर्णिमाला हसू आले. तिने नाव पुसले, नंबर पुसला, नवे टाइप केले. तिच्या टाइपरायटरवर सातचा आकडा ओळ सोडून जरा वर उडायचा. निकेशच्या नंबरात दोन सात होते. दोन्ही उडाले. पण प्रतीची प्रत काढल्यावर कोण बघतो, असे म्हणून तिने कागद त्याच्या हातात ठेवला.

दोन हजार तीनच्या डिसेंबरची गोष्ट. म्हणजे दीड वर्ष उलटून गेले होते. दुपारी दुकानात एक बाई आली. काळीसावळी, चाळिशीची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. नाव पंचफुला. गाव केळझरच्या अलीकडे. तिचा नवरा तानबा केळझरच्या गणपतीच्या वाटेवर नारळ, हार आणि दूर्वा विकायचा. मागल्या माघातल्या चतुर्थीला तो रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसला असताना एसटीला मागे टाकायच्या नादात एक जीप कडेला उतरली आणि त्याच्या पायावरून गेली. सेवाग्रामला पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून माणूस घरात बसून होता. पंचफुला लोकांच्या वावरात निंदायला जायची आणि वर्ध्याच्या कोर्टात तारखेला जायची, एवढ्या दोनच वाटा तिला उरल्या होत्या.

हे सगळे तिने न विचारता सांगितले. दुःखी माणसाला सांगायला कोणीही चालते. वकिलाने सगळ्या कागदांचे तीन संच मागितले होते. पौर्णिमा एकेक कागद काचेवर ठेवू लागली. पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याचे कार्ड, आणि मग तो कागद आला. त्यावरचे दोन सात ओळ सोडून वर उडालेले होते.

पौर्णिमाचा हात झाकणावरच राहिला.

“बाई, त्या कागदात काय लिवलं हाये?” पंचफुलाने विचारले. “वकीलसाहेब म्हणते, सारं त्याच्यावरच अडलं हाये. इम्यावाले म्हणते का हा कागद आमचा नाई. जीपवाला म्हणते का नागपूरच्या एजंटानं देल्ला, मले काय मालूम. एजंट सापडत नाई आन् तारखावर तारखा पडून राह्यल्या. मले वाचता येत नाई. तुम्ही तं शिकेल हाये.”

शिकलेली पौर्णिमा म्हणाली, “गाडीचा कागद आहे मावशी. नेहमीचाच.”

तिने पैसे घेतले नाहीत. पंचफुलाने तिला आशीर्वाद दिला आणि ती एसटी पकडायला गेली. तो आशीर्वाद पौर्णिमाला असा लागला की तिने चार वाजताच दुकानाचे शटर खाली ओढले.

घरी रामाजी ओसरीत बसले होते. सत्तावीस वर्षे त्यांनी एसटी चालवली होती आणि सत्तावीस वर्षांत त्यांच्या चाकाखाली माणूस गेला नव्हता. एवढीच त्यांची मिळकत आणि एवढाच त्यांचा गर्व. पौर्णिमाने त्यांना सगळे सांगून टाकले. तिला वाटले होते, बाबा समजूत घालतील. म्हणतील, तू कुठे जीप चालवत होतीस?

 रामाजी उठून उभे राहिले. म्हातारपणी त्यांचा आवाज एवढा चढलेला पौर्णिमाने कधी ऐकला नव्हता.

“कागद कोणासाठी असते, मालूम आहे का तुले?”

“पोलिसाले दाखवाले,” ती पुटपुटली.

“पोलिसाच्या बापाचा नाई तो कागद!” रामाजी गरजले. “अन् जीपच्या मालकाचाबी नाई. ऐक. माह्या यष्टीखाली कोणी आला असता, तं लोकाईनं मले मारलं असतं. पण त्या माणसाच्या घरच्याईले मालूम राहे का याच्या मांगं महामंडळ उभं हाये, वकील करू, भांडू, कोणाकडून तरी भरून घेऊ. जीपच्या मांगं कोण उभं राह्यते? निकेश? तो तं पयला पळून जाते. मांगं राह्यते तो एक कागद. रस्त्यानं पायी जाणाऱ्या माणसाच्या नावानं सरकारनं तेवढा एक कागद ठेवला, पोरी, अन् तू तोही पुसला.”

पौर्णिमा रडू लागली. म्हणाली, चालवणारा निकेश, चूक त्याची. मी फक्त टाइप केले.

“फक्त!” रामाजी म्हणाले. “निकेशनं त्याचा पाय नेला. पाय गेल्यावर जे त्याले भेटलं असतं, ते तू नेलं. अन् आज ती बाई तुह्या दारात आली, वाचून दाखव म्हणे, तं तू झूठ वाचलं. तिले वाचता येत नाई अन् तुले येते. मंग तुह्या शिकण्याचा तिले काय उपेग झाला, सांग मले.”

मग ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मीही तुह्या दुकानातच बसत होतो, पेपर वाचत. मशीनवर काय चाललं, ते काऊन नाई पाह्यलं मी?”

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. पण पौर्णिमाच्या मनात काहीतरी पेटले. दुसऱ्या दिवशी ती दुकान न उघडता ताराचंद शेठच्या दुकानात गेली. तिला वाटत होते, माणसे आहेत, बोलले तर ऐकतील. शेठने तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. ती बोलू लागली तसा चहा बाजूला सरकला. शेठचे म्हणणे असे की तानबाला एक पोते ज्वारी आणि बायकोला साडी देऊ केली होती, ती त्यांनीच नाकारली. गरिबाने इतका ताठा करू नये. निकेशचे म्हणणे असे की ज्याला रस्त्याच्या कडेला दुकान मांडायचे आहे त्याने पाय सांभाळायला नकोत का? चोर तो चोर, वर शिरजोर!

“तुम्ही कोर्टात खरं सांगा,” पौर्णिमा म्हणाली. “एजंट नव्हता म्हणून सांगा. नाहीतर मी सांगते.”

निकेश हसला. “सांगा ना, ताई. कागद कोणाच्या मशीनवर झाला? पयले जेलात तुम्ही जाल. मी तं अनाडी माणूस, मले काय इंग्रजी वाचता येते का?”

ती उठली. दुकानाबाहेर स्टँडवरचे चारपाच जण उभे होते. त्यांना सगळे कळले होते. एकाने म्हटले, ताई, आमच्या पोटावर काऊन पाय देता? पौर्णिमाला संताप आवरेना. पाय! ज्यांचे दोन्ही पाय शाबूत होते, ते पायाच्या गोष्टी करत होते. ती सरळ घरी आली आणि रामाजींना म्हणाली, “बाबा, मशीन वर्ध्याले न्या लागते.”

फेब्रुवारीतल्या तारखेला बाप-लेक एसटीने वर्ध्याला गेले. रामाजींनी टाइपरायटर मांडीवर घेतला होता. पौर्णिमाने आधीच पंचफुलाच्या वकिलाला भेटून सगळे सांगितले होते. वकिलाने तिला दोनदा बजावले होते की बाई, तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. तिने सांगितले, होऊ द्या.

ती साक्षीला उभी राहिली. कोणत्या महिन्यात, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या कागदावरून, काय पुसले आणि काय टाइप केले, सगळे तिने सांगितले. कोर्टासमोर तिच्याकडून निकेशच्या गाडीचा नंबर टाइप करून घेतला. दोन्ही सात वर उडाले. निकेशच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला. जी बाई स्वतः खोटे कागद करते, तिच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा, असे त्याने विचारले.

“खोटं मीच केलं साहेब,” पौर्णिमा म्हणाली, “म्हणूनच ते कसं केलं हे मला माहीत आहे. एजंट नव्हता. मी होते आणि हे शेजारी उभे होते.”

निकेशने मान खाली घातली. वर्षभर ज्या नसलेल्या एजंटाला शोधायला तारखा पडत होत्या, तो एजंट त्या दिवशी मेला. दोन महिन्यांत निकाल लागला. विमा नव्हताच, तेव्हा भरपाई जीपच्या मालकाने द्यायची. न दिल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करायची. बनावट कागद केल्याबद्दल निकेशवर आणि पौर्णिमावर वेगळा गुन्हा दाखल झाला. पौर्णिमाने तो नाकारला नाही. त्याच्या तारखांना ती आजही जाते.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती पंचफुलासमोर हात जोडून उभी राहिली. वाचकहो, गोष्टीत इथे माफी मिळते. पंचफुलाने ती दिली नाही.

“तुमी खरं बोलल्या, ते मी पाह्यलं,” ती म्हणाली. “पण एक बरीस माहा माणूस खाटेवर पडून भिंतीकडं पाहे. त्याले वाटे, देवाच्या दारात बसलो अन् देवानंच मारलं. देवानं नाई मारलं. तुमच्यासारख्या शिकेल माणसाईनं मारलं. माफी मले नका मांगू.”

पौर्णिमाने ते ऐकून घेतले. मग तिने निकालाची प्रत मागून घेतली आणि तिथेच पायरीवर बसून पंचफुलाला ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, समजावून सांगितली. तासभर लागला. पंचफुला मधेमधे थांबवून विचारत होती आणि पौर्णिमा उत्तर देत होती.

आता तुम्ही म्हणाल, स्टँड सुधारले असेल. कसले सुधारते! ओमप्रकाशला तेवढी चौकशीची नोटीस आली, कारण कागद मुळात त्याचा. बिचारा खरा असून हेलपाटे घालत बसला आणि त्याने कानाला खडा लावला की पुन्हा कोणाला कागद द्यायचा नाही. बाकीचे म्हणाले, बरे झाले, आता विनाकागदच चालवू. पौर्णिमाने दुकानावर पाटी लावली की गाडीच्या कागदात फेरफार करून मिळणार नाही, तर तिच्या दुकानात स्टँडवरचे कोणी येईनासे झाले.

वारे फिरले ते वेगळ्याच ठिकाणी. मे महिन्यात सेलूच्या आठवडी बाजाराला पंचफुला आली होती. बाजार करून ती जीपपाशी आली. जीप गुलाब नावाच्या ड्रायव्हरची. आत आठ माणसे बसली होती, दोघी बायका मुलांना मांडीवर घेऊन. गुलाब ‘केळझर, केळझर’ म्हणून ओरडत होता. पंचफुलाने पिशवी जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, “आंधी इम्याचा कागद दाखव.”

गुलाबला वाटले, थट्टा आहे. “तू काय हवालदार हाये का, मावशी?”

“हवालदाराच्या अंगावरून नाई जात तुही जीप. आमच्या अंगावरून जाते. मले दाखव.”

गुलाब आधी हसला, मग चिडला, मग इकडेतिकडे पाहू लागला. ओरडणे ऐकून पौर्णिमा दुकानातून बाहेर आली आणि पंचफुलाच्या शेजारी येऊन उभी राहिली. पंचफुलाने तिच्याकडे पाहिले नाही, पण बाजूलाही सरकली नाही. “दाखव रे,” ती पुन्हा म्हणाली. “मले वाचता येत नाई, तं हे बाई वाचून दाखवते.”

कागद नव्हताच. आधी मांडीवर मूल घेतलेली एक बाई खाली उतरली. मग दुसरी. मग एक म्हातारा शेतकरी काठी टेकत उतरला आणि म्हणाला, बापू, आम्ही यष्टीनं जाऊ. पाच मिनिटांत जीप रिकामी झाली. इतकी वर्षे हवालदाराने पाहून न पाहिल्यासारखे केले, कोर्टाच्या निकालानेही जे हलले नाही, ते एका अडाणी बाईच्या चार शब्दांनी हलले. पुढच्या बाजाराला चार जणांनी कागद मागितला, त्याच्या पुढच्याला वीस जणांनी.

जूनमध्ये वर्ध्याच्या विमा कार्यालयाबाहेर सेलूच्या सात जीप तपासणीसाठी उभ्या होत्या. रांगेत शेवटी निकेश होता. हातात तिन्ही अपघातांचे कागद. साहेब खोदून खोदून विचारत होते. एरवी तो भडकला असता. त्या दिवशी तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिला. सांगता सांगता तानबाच्या कागदापाशी आला तेव्हा तो हळूच म्हणाला, “साहेब, याच्या वेळी विमा असता, तं बरं झालं असतं.” उशिरा का होईना, त्याला कळले. पण ते कळायला तानबाचा पाय खर्ची पडला, हे आपण विसरायचे नाही.

नागरिकहो, आपण सगळे कधी ना कधी रस्त्याच्या कडेला बसलेले तानबा आहोत आणि कधी ना कधी गाडीच्या चाकामागचे निकेश. विम्याचा कागद असतो गाडीवाल्याच्या खिशात, पण मालकी त्याची नसते. ती रस्त्याने पायी जाणाऱ्या अनोळखी माणसाची असते. तो कागद जो चुकवतो, खोटा करतो किंवा पाहूनही पाहत नाही, तो त्या माणसाची चोरी करतो. म्हणून गाडीत पाय ठेवण्याआधी कागद मागा, लाजू नका. आणि कोणी तुमच्याकडे मागितला, तर तू कोण विचारणारा, असे म्हणू नका. तुमची गाडी ज्याच्या अंगावरून जाऊ शकते, तोच विचारणारा आहे.